भाताच्या पेंढ्यातला वायू

(द्रोणागिरी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभे असायचे. म्हणून आजचा विषय मी शेतातूनच उचलला आहे. पिकाचे दाणे घरात आल्यावर मागे जे उरते, म्हणजे पेंढा, तूस, पाचट, कुटार, ते कुजवून त्यातून हायड्रोजन आणि मिथेन काढता येतो. तो कसा निघतो, किती निघतो, आणि निघाल्यावर शेतकऱ्याच्या पदरात काय पडले पाहिजे, एवढ्याच गोष्टी मला आज सांगायच्या आहेत.

वायू उरणच्या या भागाला नवा नाही. 1974 साली ‘सागर सम्राट’ या तेलखोदाईच्या तराफ्याने मुंबई हायमध्ये तेल शोधले आणि काही वर्षांतच त्या समुद्रातला वायू आपल्या किनाऱ्याला लागला. ओएनजीसीचा प्रकल्प द्रोणागिरी डोंगराच्या सावलीतच आहे. बोकडवीऱ्याचे वीजकेंद्र याच वायूवर उभे राहिले. इथून नळाने तो ट्रॉम्बेला गेला, अलिबागजवळ थळला गेला. थळच्या आरसीएफ कारखान्यात या मिथेनवर प्रचंड तापलेली वाफ सोडतात आणि त्यातला हायड्रोजन सुटा करतात. तो हवेतल्या नत्राशी जोडला की अमोनिया होतो आणि अमोनियापासून युरिया. ती गोणी आपल्या खाचरात येते. याचा अर्थ, हायड्रोजन हा शब्द वर्तमानपत्रात आता रोज दिसत असला, तरी रायगडचा भातशेतकरी गेली कित्येक वर्षे समुद्राखालच्या मिथेनमधून काढलेला हायड्रोजन युरियाच्या रूपाने मुठीने शेतात फेकत आला आहे.

समुद्राखालचा तो साठा तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागली आणि तो संपणारा आहे. पेंढा दर दिवाळीला नव्याने येतो. म्हणून पेंढ्याकडे पाहायचे.

भाताची एक वाळकी काडी हातात घ्या. नखाने उभी चिरायला जा. ती सहज चिरत नाही, आणि निष्काळजीपणे ओढली तर बोट कापते. भाताचे रोप जमिनीतून सिलिका म्हणजे वाळूतलेच द्रव्य शोषते आणि पानांच्या, काडीच्या कातडीत भरून ठेवते. एक टन पेंढ्यात या सिलिकातले नुसते सिलिकॉनच 40 ते 70 किलो असते. तिच्या आत लिग्निन नावाचे चिवट लाकडी द्रव्य आहे आणि त्या दोन्हींच्या आड सेल्युलोज व हेमिसेल्युलोज, म्हणजे साखरेचे रेणू साखळीने जोडून केलेले धागे. पेंढ्याच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग ही अशी कुलूपबंद साखर आहे. आपण ती खाऊ शकत नाही. बैल खाऊ शकतो, पण तोही स्वतः नाही. त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू ते धागे तोडतात आणि त्यांच्या कष्टावर बैल जगतो.

बायोगॅसच्या टाकीत हेच घडते. हवा आत येऊ न देता ओला सेंद्रिय माल कोंडला की जिवाणूंच्या टोळ्या पाळीपाळीने कामाला लागतात. पहिली टोळी लांब धागे तोडून साखर सुटी करते. दुसरी साखर आंबवून आम्ले बनवते, आणि याच पायरीवर हायड्रोजन सुटतो. तिसरी मोठ्या आम्लांचे ॲसेटिक आम्ल करते, तेव्हाही हायड्रोजन सुटतो. चौथी टोळी फार जुन्या कुळातली, ऑक्सिजनचा वाराही न सोसणारी. ती ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन दोन्ही फस्त करून मिथेन सोडते. गोबरगॅसच्या शेगडीवर निळी ज्योत दिसते ती या चौथ्या टोळीची कमाई. गोबरगॅसमध्ये हायड्रोजन जवळजवळ सापडत नाही, कारण तो तयार होता होताच खाल्ला जातो.

हायड्रोजनवर किती जणांचा डोळा असतो हे पाहायला आपल्याला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. ओहोटीच्या वेळी पाणजे किंवा करंजाच्या खाडीकाठी उभे राहा. चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तिथेही पाने कुजत असतात, हायड्रोजन सुटत असतो. पण समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन करणाऱ्यांपेक्षा हायड्रोजन पटकावण्यात तरबेज. ते त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात, त्याचा हा वास. खारपट्ट्यात राहणाऱ्यांनी यातून एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवावी: बायोगॅसच्या टाकीत खाडीचे किंवा खारट विहिरीचे पाणी घालू नये. गॅस कमी येतो, जो येतो त्याला वास असतो, आणि तो शेगडीचे व इंजिनाचे लोखंड खातो.

आता हायड्रोजन हवा असेल तर काय करावे? चौथ्या टोळीला पहिल्या टाकीत शिरू द्यायचे नाही. तिला आम्लता सोसत नाही आणि तिची वाढ मंद असते. म्हणून पहिली टाकी आम्लधर्मी ठेवतात, सामू साडेपाच ते सहाच्या आसपास, आणि माल तिच्यात थोडाच काळ राहू देतात. तिथे हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण मिळते. उरलेला आम्लाचा रस दुसऱ्या टाकीत जातो. तिचा सामू सातच्या आसपास, तिथे माल कित्येक दिवस थांबतो आणि मिथेन निघतो.

या दोन टाक्यांच्या पद्धतीवर आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मोलाचे काम झाले आहे. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणला जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या पुढाकाराने 1946 साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली, तिचीच संशोधन संस्था 1992 पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते. या संस्थेत डॉ. प्रशांत ढाकेफळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंवर वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यातून सेल्युलोज तोडणाऱ्या जिवाणूंचा एक निवडक समुदाय तयार केला आणि केपीआयटी कंपनीच्या सहकार्याने भात, गहू, मका यांच्या अवशेषांपासून आधी हायड्रोजन व मग मिथेन काढण्याची पद्धत विकसित केली. महत्त्वाचा मुद्दा असा की पेंढ्यावर आधी तीव्र रसायनांची, उष्णतेची किंवा महागड्या विकरांची प्रक्रिया करावी लागत नाही. रूढ बायोगॅस पद्धतीपेक्षा ही किमान 25 टक्के अधिक कार्यक्षम असल्याचे संस्थेने जाहीर केले आहे. ऑगस्ट 2022 मध्ये केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी बनवलेली हायड्रोजन इंधनघटावरची बस पुण्यातच लोकांसमोर आली. म्हणजे वायू काढणारे आणि वापरणारे दोघेही सह्याद्रीच्या पलीकडे, घाटमाथ्यावरच आहेत.

इथे थोडे गणित मांडतो, कारण गणित न मांडता स्वप्ने दाखवणारे पुष्कळ येतात. साखरेच्या एका रेणूतून कागदावर हायड्रोजनचे 12 रेणू निघू शकतात. पण जिवाणूला स्वतः जगायचे असते. आंबवण्याच्या वाटेने तो जास्तीत जास्त 4 देतो, आणि प्रत्यक्षात एक ते अडीच मिळाले तरी ते चांगले मानतात. बाकीची शक्ती आम्लात अडकून राहते. एक टन कोरड्या पेंढ्यातली सगळी साखर सुटी झाली आणि जिवाणूंनी कमाल मर्यादा गाठली, तरी हायड्रोजन 25-30 किलोंच्या पुढे जात नाही. खऱ्या टाकीत त्याचा एक अंशच हाती लागतो. हायड्रोजनवरच्या बसला 100 किलोमीटरला 8 ते 10 किलो लागतात, यावरून अंदाज बांधा. उलट मिथेनचा हिशेब भरीव आहे. पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या लेहरागागा इथे ऑक्टोबर 2022 मध्ये जर्मन कंपनी व्हर्बिओचा प्रकल्प सुरू झाला. रोज 300 टन पेंढा घेऊन 33 टन दाबित बायोगॅस बनवण्याची त्याची रचना आहे. म्हणजे टनाला 110 किलो. उष्णतेच्या हिशेबाने घरगुती गॅसची सात-साडेसात सिलिंडरे झाली.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पेंढ्यापासून ऊर्जा काढायची तर कणा मिथेनचा, हायड्रोजन वरकड. तरीही पहिल्या टाकीचे महत्त्व कमी होत नाही. हायड्रोजन गोळा केला नाही तरी आम्लाची पायरी वेगळी ठेवल्याने कठीण पेंढा लवकर फुटतो आणि दुसरी टाकी शांतपणे चालते. हायड्रोजन शुद्ध करून शेकडो पट दाबाने भरणे हे गावाचे काम नव्हे, ते मोठ्या प्रकल्पाने करावे. किंवा तो मिथेनमध्ये थोड्या प्रमाणात मिसळूनच वापरावा. दिल्लीत 2020 साली राजघाट आगाराच्या बसगाड्यांवर हायड्रोजनमिश्रित सीएनजीचा असा प्रयोग झालेला आहे. भारत सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या केली तेव्हा जैवभारापासूनच्या हायड्रोजनलाही तीत जागा दिली. दार उघडे आहे, एवढे त्यातून घ्यायचे.

महाराष्ट्राला या वाटेवरचे पूर्वसूरी पुष्कळ आहेत. जशभाई पटेलांनी 1950 च्या दशकात विकसित केलेला, वर तरंगत्या लोखंडी टोपीचा गोबरगॅस संच खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने 1962 मध्ये स्वीकारला आणि मुंबईतून देशभर नेला. देहूच्या डॉ. सुहास मापुस्करांनी शौचालयाला बायोगॅस जोडून गावाचे आरोग्य बदलले. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ बायोगॅस संच घडवला, तोही दोन टप्प्यांचा. आणि पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी एक साधा प्रश्न विचारला, त्यापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. शेण म्हणजे गुराने सत्त्व काढून घेतलेला चोथा. मग जिवाणूंना चोथाच का द्यायचा? त्यांनी टाकीत शिळे अन्न, पीठ, खराब धान्य, तेलबियांची पेंड घातली. शेणाच्या पाट्याच्या पाट्या ओतून जेवढा वायू मिळे, तेवढा एक-दोन किलो पिठूळ मालातून मिळू लागला. 2006 साली या कामाला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पेंढा या दोहोंच्या मधला आहे. त्यात साखर भरपूर, पण कुलूप जाडजूड.

त्यात आणखी एक अडचण. पेंढ्यात कार्बनच्या मानाने नत्र फार कमी, साधारण 60 ते 80 ला 1. जिवाणूंना 20 ते 30 ला 1 मानवते. म्हणून नुसता पेंढा टाकून चालत नाही. शेण, कोंबडखत किंवा मासळीबाजाराचा ओला कचरा त्यात मिसळावा लागतो. करंजा बंदराचा हा कचरा नत्राने भरलेला असतो, पण खारा असतो. धुऊन आणि थोडा थोडाच वापरावा लागेल. शिवाय पेंढा पाण्यावर तरंगतो, वर जाड साय धरतो आणि वायूची वाट अडवतो. कुट्टी बारीक करणे आणि टाकी ढवळत ठेवणे यात हयगय केली की संच बंद पडतो. गावोगाव गंजलेल्या टोप्यांचे जे गोबरगॅस दिसतात, त्यांतल्या अनेकांची गोष्ट अशा रोजच्या छोट्या हयगयीची आहे.

आता आपल्या जिल्ह्याचा हिशेब. रायगडात खरीप भात लाखभर हेक्टरांवर होतो. हेक्टरी तीन टन पेंढा धरला तर तीन लाख टन. लेहरागागासारखा एकच प्रकल्प वर्षाला लाखभर टन पेंढा मागतो. म्हणजे जिल्ह्यातला तिसरा हिस्सा एका कारखान्याच्या दारात! तोही तेव्हा, जेव्हा या पेंढ्यावर गुरांचा पहिला हक्क आहे, आंब्याच्या अढीला तो लागतो, रोपवाटिका भाजण्याच्या राबाला लागतो. गुरे कमी झाली हे खरे, पेंढ्याला पूर्वीसारखी मागणी नाही हेही खरे, कापणीयंत्र आले तिथे तो शेतातच पसरून पडतो. तरीही आपली खाचरे लहान, वाटा अरुंद, बांध आडवे. पंजाबात गाठी बांधणारे यंत्र सलग शेतातून धावते, ते इथे वळायलाही जागा नाही. आणि कापणी होते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, टाकीला मात्र रोज खाऊ लागतो. जूनच्या पावसात उघड्यावरची उडवी आतून काळी पडते. कोकणात पेंढा वर्षभर कोरडा ठेवणे हीच खर्चाची मोठी बाब ठरेल.

म्हणून इथे चार-पाच गावांनी मिळून चालवलेले लहान संच योग्य वाटतात. मोठे प्रकल्प ऊसपट्ट्यात शोभतात, तिथे प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारी मळी, कारखान्याच्या अंगणातच पडलेली असते, गाळलेल्या उसाच्या तीन-चार टक्के. केंद्राच्या ‘सतत’ योजनेने ऑक्टोबर 2018 मध्ये 5000 दाबित बायोगॅस प्रकल्पांचे लक्ष्य ठेवले होते. उभे राहिलेले प्रकल्प त्याच्या आसपासही नाहीत, आणि मला त्यामागचे सर्वात मोठे कारण वायूच्या रसायनात दिसत नाही. ते माल गोळा करण्यात आणि टाकीतून उरणारे खत विकण्यात आहे.

पीकच वायूसाठी घ्यावे का, असेही विचारले जाते. नेपियर गवताचे करार घेऊन लोक गावात येतात. जर्मनीने हा रस्ता चालून पाहिला. तिथे अनुदानाच्या जोरावर हजारो बायोगॅस प्रकल्प उभे राहिले आणि त्यांच्या पोटासाठी सगळीकडे मकाच मका झाला. शेवटी 2012 मध्ये टाकीतल्या मक्याच्या वाट्यावर कायद्याने 60 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. उरण-पनवेलमध्ये भाताची जी जमीन बंदर, रेल्वे, गोदामे आणि इमारतींतून वाचली आहे, ती वायूचे पीक घेण्यासाठी देऊ नये, असे मी हात जोडून सांगतो.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. टाकीतून वायू बाहेर जातो तेव्हा पेंढ्यातले काय जाते? कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि गंधकाचा थोडा अंश. ही पहिली तिन्ही द्रव्ये रोपाने हवेतून आणि पाण्यातून घेतलेली असतात, पुढल्या पिकाला ती पुन्हा फुकट मिळतात. नत्र, स्फुरद, पालाश, सिलिका, हे सगळे टाकीतून बाहेर पडणाऱ्या रबडीत राहते. एक टन पेंढ्यात 5 ते 8 किलो नत्र आणि 12 ते 17 किलो पालाश असते. तीन टन पेंढ्यातले नत्र युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीतल्या नत्राच्या जवळपास भरते. पालाश तर आपला देश जवळजवळ सगळेच आयात करतो. पेंढा जाळला तर नत्र धुरात जाते. टाकीत घातला तर ते राहते, आणि रोपाला लवकर लागू होईल अशा रूपात राहते.

पण ते राहते कुठे? कारखान्याच्या आवारात. शेतकऱ्याने पेंढा विकला, ट्रक निघून गेला, आणि कारखान्याने रबडी सुकवून पिशव्यांत भरून दुसऱ्याच कुणाला विकली, तर त्या शेतातून दरवर्षी दर टनामागे डझनभर किलो पालाश गेले म्हणून समजा. पहिली काही वर्षे कळणार नाही. नंतर लोंब्या हलक्या होतील आणि दोष बियाण्याला दिला जाईल. या मातीतल्या माणसांना, आपल्याकडचे जाते आणि परत येत नाही म्हणजे काय, हे मी सांगण्याची गरज नाही. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमीन संपादनाविरुद्ध झालेल्या जासई-नवघरच्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची वाट मोकळी झाली. जमिनीच्या बाबतीत जो हक्क रक्त सांडून मिळवावा लागला, तो पेंढ्याच्या बाबतीत करारावर सही करण्याआधीच लिहून घेता येईल.

करारात लिहायचे ते असे. जेवढा पेंढा दिला त्या प्रमाणातली रबडी किंवा त्यापासूनचे खत त्याच शेतकऱ्याला परत मिळावे, आणि वाहतूक प्रकल्पाने करावी. पेंढा नेणारी गाडी रिकामी येण्यापेक्षा खत घेऊन यावी. भाव कोरड्या वजनावर ठरावा, ओलाव्याचे मोजमाप शेतकऱ्यासमोर व्हावे. धसकट आणि काही पेंढा शेतातच राहावा, कारण रबडीत खनिजे परत आली तरी मातीला धरून ठेवणारा सेंद्रिय कर्ब सगळा परत येत नाही. आणि दर हंगामात मातीची तपासणी व्हावी.

या शेवटच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र पनवेललाच आहे. पनवेल 1, 2 आणि 3 हे क्षार सोसणारे भाताचे वाण तिथलेच. माझी संयोजकांना आणि इथे बसलेल्या सरपंचांना विनंती आहे की त्यांनी केंद्राकडे एक लहान चाचणी मागावी. खारबंदिस्तीच्या आतली खाचरे निवडावीत, उघाडीजवळची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळची, आणि उघाडीपासून लांबची, दोन्ही. काहींत नुसता युरिया, काहींत पेंढा-शेणाची रबडी, काहींत दोन्ही निम्मे निम्मे. किमान दोन हंगाम उत्पन्न मोजावे आणि त्याबरोबर मातीची क्षारताही मोजावी. रबडीत स्वतःचे क्षार असतात. गोड्या जमिनीत ते पावसात धुऊन जातात. खारजमिनीत ते उन्हाळ्यात वर येऊन बसतात का, आणि एकरी किती रबडीपर्यंत ते सोसते, हा आकडा इथल्या खाचरातूनच काढावा लागेल. तो हाती आला की मग टाकी किती मोठी बांधायची हे ठरवता येईल.